‘अजाविक’ : शेळीतील भ्रूणप्राप्ती आणि संप्रेरकोपचार ह्यांचा इतिहास

१

शेळी आणि मेंढी ह्यांचा एकत्र निर्देश करणारा ‘अजाविक’ हा सामासिक शब्द संस्कृतात रूढ आहे. पाणिनीय परंपरेच्या गणपाठात ‘गवाश्व’ ह्या शब्दाने आरंभ होणाऱ्या गणात तो येतो. त्याच गणात ‘अजैडक’ हा त्याचा सोबतीही आहे. मराठीतील ‘एडका’ ह्या शब्दाचे मूळ त्यातील उत्तरपदात दिसते. ह्या समासांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत दोन प्राणी मिळून एक एकवचनी नपुंसकलिंगी नाम सिद्ध होते. दोहोंचा समाहार होतो, आणि समाहारात पृथक्त्व उरत नाही. मराठीने पुढे समाहार मोडून ‘शेळ्यामेंढ्या’, ‘शेरडेमेंढरे’ अशी अनेकवचने केली. जोडी मात्र मोडली नाही. आधुनिक पशुविज्ञानानेही ती मोडली नाही. ‘लहान रवंथी प्राणी’ ह्या मथळ्याखाली दोन्ही प्राण्यांवरील संशोधन एकत्र प्रसिद्ध होते, आणि १९८८ पासून निघणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचे नावच त्या मथळ्यावरून ठेवलेले आहे.

चराऊ रानात किंवा बाजारात ह्या समासाने कोणाचे अडत नाही. प्रयोगशाळेत मात्र अडले. शेळीच्या उदरातून भ्रूण मिळविण्यासाठी विसाव्या शतकात जे संप्रेरकोपचार योजिले गेले, ते बहुतांशी मेंढीवर, आणि त्याआधी ससा, उंदीर व गाय ह्यांच्यावर बसविलेले होते. शेळीच्या अंगावर ते घातले तेव्हा जेथे जेथे ते सैल किंवा तंग झाले, तेथे तेथे शेळी ही निराळा प्राणी असल्याचा नवा पुरावा मिळत गेला. ह्या उपचारांचा इतिहास सामान्यतः वाढत्या यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एका समासाच्या हळूहळू झालेल्या विग्रहाचा इतिहास आहे, आणि त्या विग्रहाची किंमत शेळीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर द्यावी लागली.

ज्यांचा ह्या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी मूळ प्रक्रिया थोडक्यात अशी. उत्तम जातीची एक शेळी आपल्या आयुष्यात मोजकीच करडे देते, कारण एका माजात तिच्या अंडाशयांतून एक, दोन, क्वचित तीन अंडी सुटतात आणि गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. तिला योग्य वेळी संप्रेरके दिली तर एकाच माजात दहाबारा किंवा त्याहूनही अधिक अंडी सुटू शकतात. बोकड दाखविल्यानंतर सहासात दिवसांनी तिचे गर्भाशय विशिष्ट द्रवाने धुऊन भ्रूण बाहेर काढतात व सामान्य जातीच्या शेळ्यांच्या गर्भाशयांत ठेवतात. पहिलीला दात्री व दुसरीला ग्राही म्हणावे. सुटलेल्या प्रत्येक अंड्याच्या जागी अंडाशयावर एक पीतपिंड तयार होतो. त्यामुळे अंडाशय पाहून किती अंडी सुटली हे मोजता येते, आणि धावनद्रवात किती भ्रूण व अंडी आली हेही मोजता येते. ह्या दोन संख्यांमधील अंतर हाच प्रस्तुत विषय होय. अंडाशयावर बारा पीतपिंड दिसावेत आणि धावनद्रवात चार भ्रूण सापडावेत, असे का व्हावे?

२

भ्रूणाचे स्थलांतर प्रथम यशस्वी केले ते केंब्रिजच्या वॉल्टर हीप ह्यांनी, २७ एप्रिल १८९० रोजी, सशांत. अंगोरा जातीच्या सशिणीचे दोन भ्रूण त्यांनी बेल्जियन जातीच्या सशिणीत ठेवले. तिला झालेल्या सहा पिलांपैकी चार तिच्या जातीची आणि दोन अंगोरा निघाली. परक्या मातेच्या उदरात वाढल्याने पिलाचे जातिगुण बदलतात की काय, एवढाच हीप ह्यांचा प्रश्न होता. उत्पादनवाढीचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

ह्याच हीप ह्यांचा भाषेच्या अभ्यासकांशीही एक संबंध आहे. सस्तन प्राण्यांच्या ऋतुकालाविषयी १९०० साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी माजासाठी ‘ईस्ट्रस’ हा शब्द स्थिर केला, आणि त्याला निरनिराळे उपसर्ग लावून चक्राच्या सर्व अवस्थांची नावे सिद्ध केली. ह्या शब्दाचे मूळ ग्रीक ‘ओइस्त्रोस’ हे. ओइस्त्रोस म्हणजे गुरांना डसणारी गोमाशी. त्यावरून तिचा दंश, आणि त्यावरून दंशाने आलेले पिसाटपण. ग्रीक पुराणकथेत कालवड झालेल्या इओच्या मागे हेरा देवी गोमाशी लावते आणि ती बिचारी देशोदेशी धावत सुटते. ह्या नावात माजाचे कारण बाहेरचे आहे. मराठी ‘माज’ ह्याच्या अगदी उलट. त्यात मस्ती आहे, उन्माद आहे, माणसाच्या बाबतीत गर्वही आहे; पण हे सारे आतून येते. शरीरविज्ञानाचा निवाडा अखेरीस मराठी शब्दाच्या बाजूने लागला, असे म्हणावयास हरकत नाही. आतल्या ह्या प्रेरणेला स्टार्लिंग ह्यांनी १९०५ साली लंडनमधील व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ असे नाव दिले. ‘चालना देणे, उद्युक्त करणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते बनले आहे, आणि मराठीने घडविलेला ‘संप्रेरक’ हा पर्याय त्या धात्वर्थाला काटेकोरपणे धरून आहे.

शेळीतील भ्रूणांतराचा आरंभ अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या कृषिसंशोधन केंद्रात १९३० च्या दशकात झाला, आणि तो ज्या प्रश्नापोटी झाला तो लक्षात घेण्याजोगा आहे. वॉर्विक, बेरी व त्यांचे सहकारी अंगोरा शेळ्यांना मेंढा दाखवीत होते. गर्भधारणा होई, परंतु संकरित गर्भ पूर्ण दिवसांचा होण्याच्या कितीतरी आधी मरून जाई. दोष गर्भात की त्याला धारण करणाऱ्या मातेत, हे ठरविण्यासाठी त्यांनी मेंढीचे भ्रूण शेळीत व शेळीचे मेंढीत ठेवून पाहिले आणि तुलनेसाठी शेळीचे शेळीत ठेवले. परजातीत ठेवलेले भ्रूण पूर्णत्वास गेले नाहीत. स्वजातीतले वाढले, त्यांची करडे झाली. १९४९ साली ‘जर्नल ऑफ हेरिडिटी’ मध्ये वॉर्विक व बेरी ह्यांनी हे काम सविस्तर मांडले. शेळीत ६० गुणसूत्रे व मेंढीत ५४, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. म्हणजे शेळीतील भ्रूणांतराची पहिली यशस्वी नोंद हीच मुळी ‘अजा’ आणि ‘अवि’ ह्यांच्यातील भेदाची नोंद होती. पुढील तीसचाळीस वर्षांत जे घडले ते पाहता ही नोंद संप्रेरकोपचार योजणाऱ्यांच्या फारशी ध्यानात राहिली नाही असे दिसते.

(योगायोगाची गोष्ट एवढीच की, हीप ह्यांचे ससे अंगोरा, टेक्सासच्या शेळ्या अंगोरा, आणि पुढे ऑस्ट्रेलियात ज्या शेळ्यांवर निर्णायक प्रयोग झाले त्याही अंगोराच. अंगोरा हे अंकारा शहराचे जुने नाव होय. लांब, तलम केसांना मोल होते म्हणून त्या प्राण्यांच्या भ्रूणांनाही मोल आले.)

३

अंडाशयाला एकाच वेळी अनेक अंडी सोडावयास लावता येते हे १९२७ साली स्मिथ व एंगल ह्यांनी अमेरिकेत, आणि त्याच सुमारास त्सोंडेक व आशहाइम ह्यांनी बर्लिनमध्ये दाखविले. उंदराच्या शरीरात पोष ग्रंथीचा तुकडा बसविला की अंडाशयावर पुटकांची गर्दी होई. परंतु पोष ग्रंथी खाटिकखान्यातून गोळा करावयाच्या आणि त्यांतील द्रव्य शुद्ध करावयाचे हे काम तेव्हा अवघड होते. सोपा मार्ग सापडला तो १९३० साली. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे कोल व हार्ट ह्यांना असे आढळले की, गाभण घोडीच्या रक्तद्रवात अंडाशयाला उद्दीपित करणारे द्रव्य विपुल प्रमाणात असते. गर्भधारणेच्या सुमारे चाळिसाव्या दिवसापासून ते दिसू लागते आणि काही आठवडे टिकते. ते मूत्रावाटे बाहेर पडत नाही. त्यामुळे ते मिळवावयाचे तर घोडीचे रक्तच काढावे लागते.

‘गाभण घोडीच्या रक्तद्रवातील जननग्रंथिपोषक’ असे त्याचे नाव पडले आणि त्या लांबलचक नावाची इंग्रजी आद्याक्षरे पशुवैद्यांच्या तोंडी बसली. हे नाव पदार्थाचा पत्ता सांगते, उगम सांगत नाही. हे द्रव्य घोडीचे नसून गर्भाच्या वेष्टनातून गर्भाशयाच्या भित्तीत शिरलेल्या पेशींचे आहे, हे केंब्रिजच्या अॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. त्यानंतर ‘अश्वीय गर्भवेष्टनजन्य जननग्रंथिपोषक’ अशा आशयाचे नवे नाव प्रचारात आले. जुने नावही कित्येक वर्षे वापरात राहिले. येथे सोयीसाठी त्याला ‘अश्वद्रव्य’ म्हणावे.

अश्वद्रव्याची खरी मौज पुढेच आहे. पोष ग्रंथीतून दोन जननग्रंथिपोषक निघतात. एक पुटके वाढविते, दुसरे अंडे सोडविते व पीतपिंड घडविते; १९३१ साली फेव्होल्ड, हिसॉ व लेनर्ड ह्यांनी हे दोन वेगळे केले. घोडीच्या स्वतःच्या शरीरात अश्वद्रव्य मुख्यतः दुसऱ्यासारखे वागते. तेच शेळी, मेंढी, गाय ह्यांना टोचले की त्यात दोन्ही गुण प्रकट होतात, आणि पहिला गुण प्रबळ ठरतो. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार परका वाटू नये. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव; तोच शब्द मराठीत आला आणि ‘शिकस्त करणे’ म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा करणे असा त्याचा अर्थ झाला. उसन्या शब्दाचा अर्थ तो घेणाऱ्या भाषेच्या घडणीवर अवलंबून असतो, तद्वतच उसन्या संप्रेरकाचा गुण ते घेणाऱ्या शरीरातील ग्राहकरेणूंवर अवलंबून असतो.

ह्या द्रव्याचा दुसरा विशेष असा की त्याच्या रेणूवर सायालिक अम्लाचे मोठे आवरण असते. त्यामुळे यकृत व मूत्रपिंड ह्यांच्याकडून त्याचा निचरा लवकर होत नाही आणि एका टोचणीचा परिणाम अनेक दिवस चालू राहतो. पोष ग्रंथीतील पुटकपोषक संप्रेरक मात्र काही तासांतच ओसरते. ते द्यावयाचे तर तीनचार दिवस सकाळसंध्याकाळ, उतरत्या मात्रेने टोचावे लागते. सुमारे १,००० ते १,५०० आंतरराष्ट्रीय एककांची एकच टोचणी आणि सहा ते आठ टोचण्या ह्यांत रानातल्या पशुवैद्याने काय निवडावे, हे सांगावयास नको. अश्वद्रव्य स्वस्त होते, टिकाऊ होते आणि मेंढीत चालत होते. शेळीतही चालेल असे गृहीत धरले गेले.

माजाची वेळ ठरविण्याचे साधनही मेंढीकडूनच आले. सिडनी विद्यापीठातील रॉबिन्सन ह्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास प्रोजेस्टेरोनसारखे कृत्रिम द्रव्य स्पंजात भिजवून तो स्पंज मेंढीच्या योनिमार्गात बारा ते चौदा दिवस ठेवण्याची पद्धत काढली. स्पंज काढला की एकदोन दिवसांत सारा कळप माजावर येई. हाच स्पंज शेळीलाही बसविला गेला. पण मेंढीचे चक्र सुमारे सतरा दिवसांचे व शेळीचे एकवीस दिवसांचे. म्हणून शेळीत तो अठरा ते एकवीस दिवस ठेवावा लागे. समासाच्या विग्रहाचे हे पहिले, अगदी साधे, अंकगणिती चिन्ह होते.

४

सिडनीच्याच नील मूर ह्यांनी १९७४ मध्ये शेळीतील बहुअंडमोचन व भ्रूणांतर ह्यांवरील आपले काम प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये बिल्टन व मूर ह्यांनी गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून करडू जन्मल्याची नोंद केली, आणि १९७९ मध्ये मूर व एपल्स्टन ह्यांचा अंगोरा शेळीवरील विस्तृत लेख आला. त्या काळी ऑस्ट्रेलियात अंगोरा शेळीच्या केसांना चांगला भाव होता, शुद्ध जातीच्या माद्या थोड्या होत्या, आणि रानटी शेळ्या ग्राही म्हणून हव्या तेवढ्या मिळत. शेळीतील भ्रूणांतराला व्यापारी स्वरूप आले ते येथे. पीतपिंड आणि भ्रूण ह्यांच्या संख्यांतील अंतर डोळ्यांत भरू लागले तेही येथेच. प्रत्येक दात्रीचे उदर शस्त्राने उघडावे लागत होते, आणि शस्त्रक्रियेनंतर अंडवाहिन्या व गर्भाशय ह्यांच्याभोवती बंध निर्माण होत. दोनतीन खेपांनंतर त्या शेळीपासून काही मिळण्याची आशा कमी होई. रिकाम्या हाताने मिटलेले प्रत्येक उदर म्हणजे त्या शेळीच्या मोजक्या संधींपैकी एक गमावलेली संधी होती.

कारणांचा पहिला व्यवस्थित शोध दक्षिण ऑस्ट्रेलियात आर्मस्ट्राँग, सीमार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९८३ साली त्यांचे दोन लेख ‘जर्नल ऑफ रिप्रॉडक्शन अँड फर्टिलिटी’ च्या एकाच खंडात लागोपाठ आले. त्यांनी काही अंगोरा शेळ्यांना अश्वद्रव्य व काहींना पोष ग्रंथीतील पुटकपोषक देऊन तुलना केली. अश्वद्रव्य दिलेल्या शेळ्यांच्या अंडाशयांवर मोठमोठी पुटके फुटल्यावाचून तशीच राहत, आणि पुटकपोषक दिलेल्या शेळ्यांत अंडमोचन अधिक व अशी उरलेली पुटके कमी असत. जे द्रव्य त्याच्या टिकाऊपणासाठी निवडले होते, त्याचा टिकाऊपणाच घातक ठरत होता. अंडी सुटून गेल्यावरही अश्वद्रव्य अंडाशयाला नवी पुटके वाढविण्यास सांगत राही. ती पुटके ईस्ट्रोजेन निर्माण करीत, आणि ज्या दिवसांत शरीरात प्रोजेस्टेरोनचे राज्य असावयाचे त्या दिवसांत ईस्ट्रोजेनची ढवळाढवळ चाले.

ह्याचा परिणाम पीतपिंडावर होई, आणि येथे शब्दाविषयी थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘कॉर्पस लुटेउम्’ म्हणजे ‘पिवळा पिंड’ हे नाव सतराव्या शतकात इटालियन शरीरशास्त्रज्ञ मालपीगी ह्यांनी रूढ केले. गाईत तो पिंड खरोखरीच पिवळा असतो. शेळीत आणि मेंढीत तो गुलाबीसर मांसाच्या रंगाचा असतो. म्हणजे शेळीच्या अंडाशयावर ‘पीतपिंड’ मोजणारा संशोधक गाईच्या डोळ्यांनी शेळीकडे पाहत असतो. त्याचे कार्य प्रथम उमगले तेही सशात. १९०३ साली फ्रेंकेल ह्यांनी सशिणीचे पीतपिंड नष्ट करून गर्भ टिकत नाही असे दाखविले, आणि १९२९ साली कॉर्नर व अॅलन ह्यांनी पीतपिंडाच्या अर्काने सशिणीचा गर्भ टिकविला. १९३४ मध्ये ते द्रव्य शुद्ध रूपात मिळाले. त्याला दोन प्रतिस्पर्धी नावे होती, आणि १९३५ मध्ये तडजोड म्हणून दोन्ही एकत्र करून ‘प्रोजेस्टेरोन’ हे नाव बनविण्यात आले.

शेळीविषयी मात्र एक महत्त्वाची गोष्ट फार पूर्वीच कळलेली होती. १९२६ साली ड्रमंड-रॉबिन्सन व आस्डेल ह्यांनी इंग्लंडमध्ये गाभण शेळ्यांचे पीतपिंड काढून टाकले असता गर्भपात होतो असे दाखविले, आणि १९५१ साली माइट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून प्रोजेस्टेरोन पुरवून गर्भ टिकवून दाखविला. मेंढीत गर्भधारणेचे पहिले पन्नासएक दिवस लोटले की वार स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरोन निर्माण करू लागते आणि पीतपिंडावाचून भागते. शेळीत कधीच भागत नाही. विण्याच्या दिवसापर्यंत सर्व भिस्त पीतपिंडावर असते. पहिल्या आठवड्यात दोन्ही प्राणी पीतपिंडावरच अवलंबून असल्याने धावनाच्या प्रश्नाशी ह्या भेदाचा थेट संबंध नाही. परंतु शेळीच्या बाबतीत पीतपिंडाची विशेष काळजी वाहावी, एवढा इशारा त्यातून मिळावयास हवा होता.

पहिल्या आठवड्यातच पीतपिंड मावळून जातो, हेच बहुअंडमोचन घडविलेल्या कित्येक शेळ्यांत आढळून आले. मेंढीतही हा प्रकार घडतो; पण शेळीत तो संशोधकांना पदोपदी आडवा येऊ लागला. कॅनडात ग्वेल्फ येथील स्टबिंग्ज व सहकाऱ्यांनी १९८६ साली दुभत्या शेळ्यांच्या रक्तातील प्रोजेस्टेरोन मोजून ह्या अकाली अस्ताचे चित्र स्पष्ट केले. आरंभी चढलेले प्रोजेस्टेरोन काही दिवसांतच कोसळे. अशा गर्भाशयात भ्रूण टिकत नाहीत. काही विघटित होतात, काही धावनाच्या दिवसाआधीच बाहेर टाकले जातात. उदर उघडणाऱ्याला अंडाशयावर पिंडांच्या खुणा दिसतात आणि गर्भाशय रिते सापडते. बारा पिंड आणि चार भ्रूण ह्या कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे. इतकी वर्षे धावनाचे तंत्र सुधारण्यात, नळ्या बदलण्यात, द्रव वाढविण्यात जे श्रम झाले त्यांतील बरेचसे अशा भ्रूणांसाठी होते, जे त्या वेळी गर्भाशयात नव्हतेच.

पिंडाचा घात कोण करते ह्याचे उत्तर मेंढीने आधीच दिले होते. १९३५ साली स्वीडनच्या फॉन ऑयलर ह्यांनी वीर्यातील एका द्रव्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ असे नाव दिले, कारण ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते असा समज होता. पुढे त्याचा मुख्य उगम रेताशय ग्रंथी हा निघाला, आणि त्यानंतर तर ते शरीरातील असंख्य ऊतकांत सापडले. चुकीच्या पत्त्यावरून पडलेले नाव मात्र कायम राहिले. १९७२ साली मॅक्क्रॅकन व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, मेंढीच्या गर्भाशयातून निघणारे एक प्रोस्टाग्लँडिन अंडाशयाकडे जाते व पीतपिंड विरघळविते. मादीच्या गर्भाशयात तयार होऊन मादीच्याच अंडाशयावर काम करणाऱ्या द्रव्याला नराच्या ग्रंथीचे नाव असावे, हा परिभाषेच्या इतिहासातील एक नमुनाच होय. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील बॅटी, फेअरक्लफ, कॅमरन व ट्राउन्सन ह्यांनी बहुअंडमोचन केलेल्या शेळ्यांत हेच द्रव्य अवेळी स्रवते ह्याचा पुरावा दिला. प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखणारे फ्ल्युनिक्सिन हे वेदनाशामक त्या दिवसांत दिले असता पिंड तगले.

५

ह्यानंतरच्या उपायांचा पसारा मोठा आहे, पण त्यांतील बरेच उपाय झालेल्या घाईची भरपाई करणारे आहेत. अंडमोचनानंतर अश्वद्रव्य निकामी करण्यासाठी त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड टोचणे, पिंडाला आधार म्हणून मानवी गर्भवेष्टनजन्य संप्रेरक देणे, बाहेरून प्रोजेस्टेरोन पुरविणे, हे सारे करून पाहिले गेले. खरा पालट घडला तो मात्रेच्या विचाराकडून वेळेच्या विचाराकडे वळल्यामुळे.

ह्या बाबतीत फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेचे नूझिली येथील काम निराळ्या तोलाचे आहे, आणि त्याचे कारण कदाचित असे की फ्रान्समध्ये शेळी ही मेंढीची सावली नव्हती. चीजसाठी पाळलेल्या दुभत्या शेळ्यांचा तेथे स्वतंत्र व्यवसाय होता. कोर्तेल ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळीतील स्पंजाची मुदत अकरा दिवसांवर आणली आणि स्पंज काढण्यापूर्वी ४८ तास प्रोस्टाग्लँडिन देऊन जुना पिंड विरघळविण्याची योजना केली. जे द्रव्य धावनापूर्वीच्या आठवड्यात शत्रू होते तेच येथे, नेमक्या वेळी, सेवक झाले. बारिल व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. वर्षानुवर्षे अश्वद्रव्य दिलेल्या काही शेळ्यांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, माज उशिरा येतो, आणि ठरल्या तासाला केलेले कृत्रिम रेतन वाया जाते. डुकराच्या पोष ग्रंथीतून काढलेले पुटकपोषक वारंवार दिले असता शेळीत त्याच्याविरुद्धही प्रतिपिंड निर्माण होतात का, हा प्रश्न १९९१ साली रेमी व सहकाऱ्यांनी हाती घेतला. परक्या प्राण्याचे संप्रेरक किती काळ आपले म्हणून खपवावे ह्याला शेळीचे शरीर स्वतःची मर्यादा घालत होते.

दुसरा पालट श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने घडविला. १९९४ मध्ये गिन्थर व कॉट ह्यांनी जिवंत शेळीची अंडाशये दररोज पाहून पुटके लाटांनी वाढतात हे दाखविले. एका चक्रात अशा बहुधा चार लाटा येतात, आणि लाटेतील एक मोठे पुटक इतरांना मागे रेटते. पूर्वीचे उपचार ह्या लाटांकडे न पाहता, स्पंजाच्या दिनदर्शिकेप्रमाणे दिले जात. त्यामुळे एकच मात्रा एका शेळीत पंधरा अंडी सोडवी आणि शेजारच्या शेळीत दोन. उरुग्वेतील रुबियानेस व मेंचाका ह्यांनी ह्यावरून असे ठरविले की, अंडमोचन झाल्याबरोबर जी पहिली लाट उठते तिच्या आरंभीच पुटकपोषक सुरू करावे. तेव्हा मोठे पुटक अंडाशयावर नसते. त्यांनी ह्या पद्धतीला ‘शून्य दिवसाची पद्धत’ म्हटले. हा उपचार शेळीच्या अंडाशयाकडे पाहून बांधलेला आहे, आणि ह्या दृष्टीने १९३० पासूनच्या परंपरेत तो वेगळा उठून दिसतो.

अश्वद्रव्य अद्याप वापरातून गेलेले नाही. माज एकत्र आणण्यासाठी अल्प मात्रेत ते सर्रास दिले जाते. परंतु २०१५ मध्ये उरुग्वे व अर्जेंटिना येथील, आणि २०२१ मध्ये आइसलंडमधील, गाभण घोड्यांचे रक्त काढणाऱ्या केंद्रांची स्थिती प्राणिरक्षक संस्थांनी चव्हाट्यावर आणली आणि युरोपात त्याविरुद्ध मोठी ओरड झाली. जुन्या नावातील ‘घोडी’ आणि ‘रक्त’ हे दोन्ही शब्द नव्या नावातून गळाले होते. नवे नाव उगमाच्या दृष्टीने अचूक आहे ह्यात शंका नाही. पण ते द्रव्य कोणापासून आणि कसे मिळते हे जुने, अडाणी नाव अधिक प्रामाणिकपणे सांगत होते.

६

भारतात मथुरेजवळ मखदूम येथे १९७९ साली केंद्रीय शेळी संशोधन संस्था स्थापन झाली. शेळीला मेंढीपासून वेगळे काढून तिच्यासाठी स्वतंत्र संस्था असावी हा विचारच ह्या इतिहासात नोंद घेण्यासारखा आहे. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने दक्षिण आफ्रिकेची बोअर जात आणून वाढविली. ह्या जातीचा जगभर जो प्रसार झाला त्यात गोठविलेल्या भ्रूणांचा वाटा मोठा होता. समशीतोष्ण प्रदेशातील शेळी हिवाळ्याच्या तोंडावरच माजावर येते. आपल्याकडील शेळ्या वर्षातील बहुतेक महिने माजावर येऊ शकतात. तेव्हा परदेशी उपचारपद्धती जशीच्या तशी उचलण्यात, मेंढीचा झगा शेळीला घातल्याच्या चुकीची पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे.

भ्रूणप्राप्तीच्या तंत्रातला अलीकडचा पालट ब्राझीलमध्ये झाला. तेथील कृषिसंशोधन संस्थेने, विशेषतः सेआरा राज्यातील सोब्राल येथील शेळीमेंढी केंद्राने, उदर न उघडता गर्भाशयमुखावाटे नळी घालून धावन करण्याची पद्धत शेळीत बसवून दिली. मेंढीचे गर्भाशयमुख अरुंद व वेड्यावाकड्या वळ्यांचे असते. ते सैल करण्यासाठी ईस्ट्रोजेन, प्रोस्टाग्लँडिन व ऑक्सिटोसिन अशी तिन्हींची योजना करावी लागते. शेळीत बहुधा एकट्या प्रोस्टाग्लँडिनने काम भागते. शस्त्रक्रिया टळली, बंध टळले, आणि तीच शेळी पुनःपुन्हा दात्री होऊ शकते असे दिसून आले. येथे प्रथमच शेळी मेंढीच्या पुढे गेली, आणि मेंढीवर काम करणारे शेळीतील पद्धती आपल्याकडे आणण्याच्या खटपटीस लागले.

धावनाच्या आदल्या दिवशी दिले जाणारे हे प्रोस्टाग्लँडिन म्हणजे १९८८ साली अकाली अस्ताचा कर्ता ठरलेले द्रव्य किंवा त्याचाच कृत्रिम भाऊ होय. त्या वेळेपर्यंत भ्रूण गर्भाशयात सुरक्षित पोहोचलेले असतात आणि दात्रीला तिच्या पीतपिंडांची गरज उरलेली नसते. ते विरघळले तर ती लवकर पुन्हा माजावर येते. त्याच दिवशी शेजारच्या गोठ्यात उभ्या असलेल्या ग्राही शेळीला मात्र ह्या द्रव्याचा थेंबही चालत नाही. तिच्या अंडाशयावरचे एकदोन गुलाबीसर पिंड पुढचे पाच महिने टिकावे लागतात.